कोल्हापुरीवर नाव कोणाचं? प्राडा, जीआय आणि आमच्या घरातला एक जोड

(ही या भागाची लिखित प्रत. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त दर वाक्याला येणारं 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' कमी केलंय.)

  हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, पीएमटीत लटकत असाल, नाहीतर ऑफिसची मीटिंग म्यूट करून ऐकत असाल, तुमचं स्वागत आहे.

आजचा विषय तुमच्या पायातला आहे. कोल्हापुरी चप्पल. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! "प्राडाचं प्रकरण ना, झालं की ते जुनं," असं म्हणाल. पण ते संपलेलं नाही. खरं तर त्यातला महत्त्वाचा भाग आता सुरू होतोय. आणि यावेळी मला एक गोष्ट सांगायची आहे जी या पॉडकास्टवर मी आजवर कधीच सांगितली नाही. ती येईल ओघात.

आधी बातमी, पहिल्यापासून. ज्यांनी फक्त मीम्स पाहिले त्यांच्यासाठी.

२२ जून २०२५. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या मोठ्या ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला, २०२६ च्या उन्हाळ्यासाठीचा. रॅम्पवरच्या काही मॉडेल्सच्या पायात चपला होत्या. सपाट तळ, अंगठ्याची गोल पट्टी, वर चामड्याची वेणी. आपल्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल की ही कोल्हापुरी आहे. पण प्राडाने लिहिलं काय? 'लेदर सँडल्स'. बस्स. ना कोल्हापूर, ना महाराष्ट्र, ना भारत.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. इन्स्टाग्राम पेटलं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं. त्यावर प्राडाकडून लोरेन्झो बेर्तेल्ली यांचं उत्तर आलं की हो, या चपला भारतातल्या शेकडो वर्षांच्या हस्तकलेवरून सुचलेल्या आहेत, आणि अजून त्या डिझाइनच्या पातळीवरच आहेत. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, कारागिरांना भेटली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका गेली, नुकसानभरपाई द्या म्हणून. कोर्टाने ती फेटाळली. कारण सरळ होतं. ज्यांच्या नावावर जीआय टॅग नोंदलेला आहे, ते स्वतः कोर्टात येऊ शकतात. तुम्ही त्यांच्या वतीने का आलात?

आणि मग डिसेंबर २०२५. प्राडाने करार केला. दोन सरकारी महामंडळांबरोबर. एक महाराष्ट्राचं, लिडकॉम, म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ. दुसरं कर्नाटकचं, लिडकर. ठरलं असं की महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले कारागीर २,००० जोड करणार, त्यावर कोल्हापुरीवरून प्रेरणा घेतल्याचं लिहिलेलं असणार, आणि फेब्रुवारी २०२६ पासून ते जगभरातल्या प्राडाच्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकले जाणार. किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे एका जोडाचे ऐंशी हजारांच्या वर! शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, काहींना थोडे दिवस इटलीत जायची संधी.

ही झाली बातमी. आता गंमत बघा. या सगळ्यात एक शब्द सतत वापरला गेला, जो नक्की काय आहे हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. जीआय. भौगोलिक मानांकन.

आपल्या भाषेत, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगतो. जीआय म्हणजे नावाचं रक्षण. दार्जिलिंग चहा म्हटलं की तो दार्जिलिंगचाच हवा. तसंच 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव लावायचं असेल तर ती ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने झालेली हवी. २००९ मध्ये अर्ज गेला, आणि टॅग मिळायला जवळजवळ दहा वर्षं लागली. पण लक्षात घ्या, जीआय डिझाइनला कुलूप लावत नाही. कोणी तश्शीच दिसणारी चप्पल केली आणि तिला 'कोल्हापुरी' म्हटलंच नाही, तर फक्त जीआय घेऊन त्याला पकडणं कठीण. आणि भारताचा जीआय हा भारताच्या हद्दीतला कायदा. मिलानमध्ये तो आपोआप लागू होत नाही.

म्हणजे गंमत अशी झाली की आपण सगळे ओरडत होतो, "आमचं नाव का नाही घेतलं?" आणि कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर नाव न घेणं हीच त्यांच्यासाठी सगळ्यात सुरक्षित वाट होती!

ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. दुसऱ्याचा कोड तुम्ही घेऊ शकता, बदलू शकता, विकूही शकता. पण बहुतेक लायसन्समध्ये एक छोटी अट असते. मूळ लिहिणाऱ्याचं नाव काढायचं नाही. पैसे नका देऊ, पण नाव ठेवा. पारंपरिक कारागिरीला असं लायसन्स कधी कोणी जोडलंच नाही. त्यामुळे जगभर हेच चालतं. घेतात, आणि वरची नावाची ओळ पुसून टाकतात.

आणखी एक. जीआय आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले चार, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीचं नाव ऐकलंय? बेळगाव जिल्ह्यातलं गाव. तिथली चप्पल म्हणजे अस्सल माल. तिथे ही कला कन्नड बोलणाऱ्या हातांत आहे. तेव्हा "आमची कोल्हापुरी" म्हणताना तो 'आम्ही' किती मोठा आहे ते एकदा मोजून घ्या. सीमेवरून आपण कितीही भांडू, चप्पल दोन्हीकडची आहे.

बरं. आता ती गोष्ट.

जूनमध्ये हे सगळं सुरू झालं तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर धमाल चालू होती. मी पुण्यात नोकरी करतो, टीममध्ये बहुतेक सगळे मराठी. "आमच्या संस्कृतीची चोरी", "प्राडाला कोल्हापुरी दाखवा", असले मेसेज. मीही दोन मीम्स टाकले. एकाला तर बावीस लाईक आले. आणि त्या जोशात मी रात्री तात्यांना फोन लावला.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावाकडे असतात, कोल्हापूरपासून तासाभरावर. आणि तात्या कोल्हापुरी चप्पल करतात. आजोबा करायचे, त्यांचे वडील करायचे. आम्ही चर्मकार समाजातले.

हीच ती गोष्ट. मी हे कधी सांगितलं नव्हतं. या माइकवर नाही, ऑफिसात नाही, आणि कॉलेजात तर नाहीच. बी.टेक.ला होस्टेलवर पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांना विचारतात ना, "घरी काय करतात?" माझे पप्पा वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ते सांगायचो. पण सुट्टीत गावाला जाऊन काय करतोस असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "काकांचा फुटवेअरचा बिझनेस आहे." बिझनेस! रापी, आरी, दगडी पाटा आणि घराच्या पडवीत बसलेली दोन माणसं. एवढा तो बिझनेस.

कोणी मला काही वाईट बोललं होतं असंही नाही. पण तुम्ही ज्या घरात वाढता तिथे काही गोष्टी न बोलता शिकवल्या जातात. आपल्या मराठीत म्हण आहे, "पायातली वहाण पायातच बरी." लोक सहज वापरतात, कोणालातरी त्याची जागा दाखवायला. आमच्या घरात ही म्हण कोणी कधी उच्चारली नाही. का, ते तुम्हाला कळलं असेल.

तर मी फोन लावला. तात्यांना सांगितलं, "तात्या, बघा की, इटलीवाल्यांनी आपली चप्पल चोरली. नाव पण घेतलं नाही."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय, पोरं सांगालीत सकाळधरनं. पर तू एवढा का तापलाईस?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? आपलं नाव घ्यायला नको?"

ते म्हणाले, "घ्याला पायजे की. पर लेका, तू तरी कुठं घेतलाईस?"

हसत हसत म्हणाले हो ते. रागाने नाही. मग लगेच विचारलं, "जेवलास का?" आणि विषय बदलला. मी मात्र त्या रात्री ते दोन मीम्स डिलीट केले.

पुढच्या शनिवारी गावाला गेलो. पाऊस लागला होता. पावसाळ्यात धंदा थंड असतो, कारण अस्सल कोल्हापुरी पाण्यात घालायची नसते. पडवीत बसून पहिल्यांदाच मी नीट बघितलं काय काय करतात ते. लहानपणी बघितलं होतंच, पण ते आपण नळाला पाणी येताना बघतो तसं.

तुम्हाला थोडक्यात सांगतो. कातडं आधी कमवावं लागतं. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवायची, ती टांगायची, आणि तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी भरायचं. ते हळूहळू मुरतं. कित्येक दिवसांचं काम. क्रोम वगैरे रसायन नाही, म्हणून तो रंग येतो आणि तो वास येतो. मग तळ कापायचे. म्हशीचं जाड कातडं तळाला. थर एकावर एक बसवायचे, ठोकायचे. शिवायचं ते दोऱ्याने नाही, चामड्याच्याच वादीने. अस्सल जोडात खिळा नसतो. मग कान, पट्टा, अंगठा, आणि सगळ्यात वर वेणी.

आणि वेणी कोण घालतं? आमच्याकडे मोठी आई, म्हणजे तात्यांची बायको. बारीक कापलेल्या चामड्याच्या पट्ट्या, इतक्या बारीक की मला धरताही येईनात. ती टीव्हीवरची मालिका बघत बघत घालते. नजर टीव्हीवर, बोटं वेणीत. बहुतेक घरांत हीच वाटणी. कापणं, ठोकणं, तळ शिवणं पुरुषांकडे. वेणी आणि वरचं नाजूक काम बायकांकडे. प्राडाच्या त्या फोटोत सगळ्यात आधी नजर कशावर जाते आठवा. वेणीवर.

मी इंजिनियर माणूस. मला वाटलं आपण काहीतरी 'सोल्यूशन' द्यायला पाहिजे. (हसतो) त्या दिवसांत बातमी आली होती की लिडकॉम जीआयच्या जोडांना क्यूआर कोड लावणार. स्कॅन केला की कारागीर किंवा युनिट कुठलं, जिल्हा कुठला, कच्चा माल काय, हे सगळं फोनवर दिसणार. बरोबर ब्लॉकचेनही. मला वाटलं, वा! आपण तात्यांचा माल आधीच तयार ठेवू. लॅपटॉप उघडला आणि एक शीट केली. प्रत्येक जोडाला एक नंबर. साइज, प्रकार, कापशी की पुकरी की आणखी काही, तारीख, किंमत. आणि एक रकाना, 'कारागीर'. तिथे तात्यांचं नाव टाकलं, आणि खालपर्यंत ओढून घेतलं. चाळीस ओळी एका सेकंदात भरल्या.

मोठी आई चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघितलं. तिला वाचता येतं, सातवी झाली आहे ती. म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी म्हटलं, "मोठी आई, एकाच माणसाचं नाव मावतंय यात."

ती म्हणाली, "मग मावंल असं कर की. तू शिकलाईस न्हवं?"

मंडळी, सहा वर्षं मी डेटाबेसवर काम करतोय. एका गोष्टीला अनेक माणसं जोडायची असतील तर वेगळा टेबल करायचा, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. जोड एका टेबलात, माणसं दुसऱ्यात, आणि कोणी काय काम केलं ते तिसऱ्यात. मला ते येत नव्हतं असं नाही. मला ते सुचलंच नाही. कारण माझ्या डोक्यात कारागीर म्हणजे एक पुरुष, रापी हातात घेऊन बसलेला. प्राडाने जिल्हा पुसला म्हणून मी ओरडत होतो, आणि मी माझ्या घरात बसून माझ्याच मोठ्या आईला पुसलं होतं.

मग नीट केलं. तळ आणि शिलाई, तात्या. वेणी, मोठी आई. पंच मारून वरची नक्षी, शेजारचे एक काका, ते दोन-तीन घरांचं काम करतात. आणि कातडं कमावणारा? तात्या म्हणाले, "ते आता चेन्नईकडनं येतंय. कोण करतंय काय म्हाईत." पूर्वी आमच्याकडेच, पंचक्रोशीत कमवायचे. ते कमी होत गेलं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातडं मिळायला अवघड झालं, महाग झालं, असं कोल्हापुरातले बरेच कारागीर सांगतात. म्हशीच्या कातड्यावर बंदी नाही, पण बाजार एकदा बिचकला की सगळ्यालाच फटका बसतो. तर तो रकाना मी रिकामा ठेवला. काढून नाही टाकला. रिकामा दिसला म्हणजे निदान कळतं तरी की इथे कोणीतरी आहे.

मग आम्ही हिशोब केला. हा फक्त आमच्या घरातला हिशोब, सगळ्यांचा असाच असेल असं मी म्हणत नाही. शहरातल्या दुकानात जो जोड बाराशेला जातो, त्याचे तात्यांना साडेपाचशे मिळतात. त्यातून कातडं, वादी, पॉलिश वजा करा. उरतं त्यात दोन माणसांची जवळजवळ दीड दिवसाची मजुरी. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि तात्यांना आकडा दाखवला नाही. त्यांना तो माहीतच असणार. मलाच तो पहिल्यांदा दिसला.

त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हे काम करत नाही. एमआयडीसीत जातो. तात्यांनीच त्याला बसू दिलं नाही पाटावर. पप्पांना आजोबांनी बसू दिलं नव्हतं, तसंच. आणि मी त्याला चूक म्हणू शकत नाही. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. माझी बी.टेक.ची सीट त्याच वाटेने आलेली. ती वाट याच्यासाठीच होती, की ज्याला बाहेर पडायचंय त्याला पडता यावं. कला टिकली पाहिजे म्हणून कोणी पाटावर बसून राहिलं पाहिजे, हे म्हणायचा हक्क ऑफिसच्या ग्रुपवरच्या कोणालाही नाही. मलाही नाही.

पण ज्याला बसायचंय, त्याला बसणं परवडलं पाहिजे. मला या सगळ्या बातमीचा अर्थ इथे लागतो.

आता पुन्हा त्या कराराकडे या. २,००० जोड. चांगलं आहे का? हो, मी चांगलंच म्हणेन. नाव आलं. जून २०२५ मध्ये नुसतं 'लेदर सँडल्स' होतं, तिथे आता कोल्हापुरी हा शब्द असणार. दोन राज्यांची महामंडळं एका टेबलावर बसली, हेही काही लहान नाही. पण २,००० हा आकडा आठ जिल्ह्यांत वाटला तर प्रत्येक गावात किती येईल, तुम्हीच बघा. म्हणून मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत, आणि या वर्षभर ते विचारत राहणार आहे.

पहिला. ८०० युरोंतले किती त्या पडवीपर्यंत पोचतात? सगळे पोचावेत असं कोणी म्हणत नाही. मोठ्या शहरांतली दुकानं, जाहिरात, त्यांचा खर्च असतो. पण जोडामागे मजुरी किती, हे उघड सांगायला हरकत काय? ऐंशी हजारांची चप्पल विकताना 'हाताने केलेली' ही गोष्टच तर विकताय ना?

दुसरा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर आत काय दिसतं? क्यूआर म्हणजे जादू नाही, तो फक्त एक पत्ता आहे. त्या पत्त्यावर कोण राहतं ते महत्त्वाचं. आणि ब्लॉकचेनबद्दल एक सांगतो, कारण हा शब्द ऐकला की लोक निश्चिंत होतात. ब्लॉकचेनमध्ये एकदा टाकलेलं नंतर गुपचूप बदलता येत नाही. एवढंच. टाकलेलं खरं होतं की खोटं, हे तिला कळत नाही. खोटी नोंदसुद्धा ती तितक्याच इमानदारीने जपून ठेवते. त्यामुळे खरं काम आधीचं आहे. गावात जाऊन नोंद कोण करणार, कोणाची करणार, वेणी घालणारीचं नाव त्यात असणार का.

तिसरा. जीआयच्या कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' अशी सोय आहे. म्हणजे टॅग महामंडळाच्या नावावर असला तरी एकेक कारागीर स्वतःचं नाव नोंदवून तो कायदेशीर वापरू शकतो. टॅग मिळणं ही अर्धी गोष्ट. आपल्या गावातल्या किती जणांनी ही नोंद केली आहे? तात्यांनी केली नव्हती. आता कागदपत्रं जमवतोय आम्ही. आधार कार्डावर आणि रेशन कार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, त्यावर सध्या गाडी अडकली आहे. (हसतो) पण दोन अर्ज भरतोय. एक तात्यांचा, एक मोठ्या आईचा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करायचं? आम्ही काही प्राडा घेणार नाही. बरोबर आहे. मीही घेणार नाही, मला घराचा हप्ता आहे.

पुढच्या वेळी कोल्हापुरी घेताना चार गोष्टी बघा. रेक्झिनची आहे का ते वासावरून कळतं. अस्सल चामड्याला वास असतो, आणि तो चांगला असतो. तळाला खिळे आहेत का बघा, शिलाई वादीची आहे का बघा. रंग फार भडक असेल तर विचारा. आणि नवीन जोड आठवडाभर चावणार, ते नॉर्मल आहे. थोडं तेल लावा, घरात घालून फिरा, पायाचा आकार घेतला की मग ती तुमची होते. पावसात घालू नका.

दुसरं, भाव करताना एकदा थांबा. मॉलमध्ये तीन हजारांचे स्लायडर्स आपण गपचूप घेतो, आणि चप्पल लाईनला जाऊन बाराशेच्या जोडाचे सातशे करायला बघतो. मीही केलंय. ते कमी झालेले पाचशे दुकानदार स्वतःच्या खिशातून देत नाही. ते खाली सरकत सरकत पडवीपर्यंत जातात.

आणि तिसरं, विचारा. "ही कोणी केली?" दुकानदाराला माहीत नसेल. बहुतेक वेळा नसतंच. पण दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी तो नाव विचारून ठेवेल. बाजार असाच शिकतो.

ऑफिसचं सांगायचं राहिलं. डिसेंबरमध्ये कराराची बातमी आली तेव्हा ग्रुप पुन्हा जागा झाला. "जिंकलो!" वगैरे. मी या वेळी मीम नाही टाकला. एक फोटो टाकला. पडवीतला. तात्या पाटावर, मोठी आई वेणी घालताना, आणि खाली लिहिलं, "हे माझे तात्या आणि मोठी आई. आमच्या घरी चार पिढ्या हेच काम. साइज सांगा, ऑर्डर घेतो." पाठवायच्या आधी किती वेळ बोट अडकून राहिलं ते मी सांगत नाही.

काही जणांनी हार्ट टाकलं. एकाने विचारलं, "अरे, तू कधी बोलला नाहीस?" एक-दोन जण गप्प राहिले, त्यांचं गप्प राहणं मला दिसलं, आणि ते दिसणारच होतं. पण सात ऑर्डर आल्या. पूर्ण भावाने. तात्यांना फोन केला तर म्हणाले, "सात? मग उन्हाळ्याच्या आधी देतो. घाई कराय सांगू नगंस." मागून मोठ्या आईचा आवाज आला, "आणि त्या कागदावर नाव हाय न्हवं माझं?"

आहे. प्रत्येक जोडाबरोबर एक छोटं कार्ड जातं. त्यावर क्यूआर वगैरे काही नाही, साध्या प्रिंटरवर काढलंय. कोणी तळ शिवला, कोणी वेणी घातली, कोणी नक्षी मारली. आणि शेवटची ओळ, "कातडं कमावणारा: अजून शोधतोय."

चला, आजच्यापुरतं इतकंच. एक काम सांगतो. तुमच्या घरात जी वस्तू हाताने केलेली आहे, घोंगडी असेल, मडकं असेल, सूप असेल, आज्जीची गोधडी असेल, ती कोणी केली त्याचं नाव शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. नुसतं गावाचं नाव नको, माणसाचं नाव हवं. पुढच्या भागात आपण ती नावं वाचू.

तोवर काळजी घ्या. आणि हो, पाऊस असेल तर कोल्हापुरी घरात ठेवा. भेटू!